ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुणाला कुठला मेनू उघडा ठेवावा? (विंडोज, चौदा मशीन, सर्व्हर नाही)

वाळूसाचा | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी स्टोअर्स बघतो. कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून ऑफिसातल्या चौदा मशीनचं दुखणंखुपणंही माझ्याकडेच येतं. सर्व्हर नाही, डोमेन (सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायची सोय) नाही. नऊ मशीनवर विंडोज ११ प्रो, तीनवर १० प्रो आणि दोन लॅपटॉपवर होम. आजवर सगळ्या मशीनवर एकच लॉगिन होतं, नाव 'ऑफिस', पासवर्ड नाही, आणि ते ॲडमिन, म्हणजे मशीनवर काहीही बदलायचा पूर्ण अधिकार असलेलं. कुणीही यावं, बसावं, काम करावं.

गेल्या महिन्याच्या २९ तारखेला काट्यावर दोन गाड्या भरून उभ्या होत्या, एक चाकणची, एक होसूरची. डिस्पॅचच्या मशीनवर ई-वे बिलाची साइटच उघडेना. ब्राउझर सांगत होता की तुमचं घड्याळ मागे आहे. मी धावत गेलो, कोपऱ्यात बघितलं तर ऑगस्टची तारीख, आणि आम्ही नोव्हेंबरात. लेबल छापायच्या सॉफ्टवेअरची ट्रायल संपली होती. तिथल्या पोराने सकाळी तारीख मागे नेली, लेबलं छापली आणि तारीख परत पुढे आणायचं राहून गेलं. त्याच मशीनवरच्या एक्सेलच्या चलनात टुडे फॉर्म्युला आहे, तो मशीनच्या घड्याळातली तारीख आपोआप घेतो. त्यामुळे सकाळपासूनच्या अकरा चलनांवर ऑगस्टची तारीख छापून गेली, त्यातली सात गेटबाहेर पडलेली. ड्रायव्हरांना फोन लावून एकेकाला थांबवलं. पोराचा हेतू वाईट नव्हता. लेबलाविना माल जाणार नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

मालक म्हणाले, "टॅली, एक्सेल, मेल आणि ब्राउझर सोडून काही दिसता कामा नये. सगळं बंद कर."

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी डिस्पॅचच्या मशीनवर बसलो. लोकल ग्रुप पॉलिसी एडिटर (मशीनवर काय चालेल, काय नाही याचे नियम, म्हणजे पॉलिसी, लावायची खिडकी) उघडला आणि यूजर कॉन्फिगरेशनमध्ये एकेक लावत गेलो: स्टार्ट मेनूतून रन (नाव टाइप करून प्रोग्रॅम उघडायची चौकट) काढलं, कंट्रोल पॅनल आणि सेटिंग्ज बंद, कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) बंद, रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) बंद. शेवटी 'फक्त ठरवलेलेच प्रोग्रॅम चालू द्या' ही पॉलिसी लावून यादीत चार नावं टाकली. रीस्टार्ट केलं. आता मशीन मलाही आत घेत नाही. पॉलिसी एडिटर उघडायला गेलो तरी 'या कॉम्प्युटरवरच्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द केली आहे' असं येतं. उद्या सकाळी नऊला डिस्पॅच सुरू होतो.

दोन प्रश्न. एक, आत्ता यातून बाहेर कसं यायचं? दोन, हे मुळात कसं करायला हवं होतं? काय बंद करावं, काय चालू ठेवावं?

पीसीदुरुस्ती | रविवार, रात्री ११:५२

आधी मशीन सोडवा, बाकीचं नंतर बोलू.

लॉगिनच्या पडद्यावर पॉवरचं बटण असेल. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. ही खिडकी तुमच्या विंडोजच्या बाहेरची असल्याने पॉलिसी तिथे लागत नाही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की मागेल, ती हाताशी ठेवा. आता विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्याच्या आत 'ग्रुपपॉलिसी' नावाचं फोल्डर आहे, लपवलेलं असतं. त्याचं नाव बदला, पुढे जुनं असं काही लावा. पुसू नका. तिथे तुमचा सी ड्राइव्ह कदाचित दुसऱ्याच अक्षराने दिसेल, आधी आतली फोल्डरं बघून खात्री करा. मग नेहमीसारखं चालू करा. एकदा रीस्टार्ट करून सुटलं नाही तर दुसऱ्यांदा करा.

वाळूसाचा | सोमवार, रात्री १२:४१

सुटलं. ड्राइव्ह डी म्हणून दिसत होता, तुम्ही सांगितलं नसतं तर मी चुकीच्या जागी शोधत बसलो असतो. दुसऱ्या रीस्टार्टला सगळं परत आलं. दादा, मनापासून आभार. आता झोपतो.

पीसीदुरुस्ती | सोमवार, सकाळी ८:१५

आता दुसरा प्रश्न. सांगली-मिरजेकडची बरीच ऑफिसं मी वार्षिक करारावर सांभाळतो, आणि ही चूक मला दर दोन-तीन महिन्यांनी कुठे ना कुठे दिसते. साध्या पॉलिसी एडिटरात यूजर कॉन्फिगरेशनखाली जे लावाल ते त्या मशीनवरच्या सगळ्यांना लागतं, ॲडमिनलाही. दार बंद करताना आपणच आत अडकतो ते यामुळे.

विंडोज व्हिस्टापासून याला वेगळी सोय आहे, पण ती समोर दिसत नाही. रनमध्ये एमएमसी टाइप करा. रिकामी चौकट उघडेल. फाइल मेनूतून स्नॅप-इन जोडा, यादीतून ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर निवडा. फिनिश दाबायच्या आधी ब्राउझ दाबा, यूजर्सच्या टॅबवर जा आणि 'नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स' निवडा. आता जी खिडकी येईल तिच्यात लावलेलं फक्त ॲडमिन नसलेल्यांना लागेल. ही चौकट सेव्ह करून ठेवा, पुन्हा इतका फेरा नको.

पण त्याआधीचं एक काम करा, आणि माझ्या मते ऐंशी टक्के प्रश्न तिथेच सुटतो. 'ऑफिस' हे लॉगिन ॲडमिन आहे ते स्टँडर्ड करा, म्हणजे रोजचं काम चालेल पण सिस्टम बदलता येणार नाही. क्रम महत्त्वाचा. नवं ॲडमिन खातं बनवा, चांगला पासवर्ड द्या, त्यात एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. मगच जुनं खातं स्टँडर्डवर आणा.

तुमच्या पोराने तारीख मागे नेली ती तो ॲडमिन होता म्हणून. स्टँडर्ड खात्याला सिस्टमची वेळ बदलायचा हक्कच नसतो, विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागतं. त्यासाठी एकही मेनू लपवावा लागत नाही. टाइम झोन मात्र स्टँडर्ड यूजर बदलू शकतो, तेवढं लक्षात असू द्या. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं ठेवा. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत मशीनची घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायला सांगितलेलंच आहे.

आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. एका लॉगिनवर सहा माणसं बसली की कुणी काय केलं हे कधीच कळत नाही, आणि संशय सगळ्यांवर जातो.

वाळूसाचा | सोमवार, सकाळी ९:५०

तारीख बदलायला स्टँडर्डला हक्क नाही हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे मी ज्या एका गोष्टीसाठी सगळे मेनू बंद करत होतो, ती मेनूला हात न लावता बंद होते.

एक अडचण. आमचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आणि जुनी टॅली, दोन्ही 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केल्याशिवाय चालत नाहीत असं ती बसवून देणारे सांगून गेले होते.

पीसीदुरुस्ती | सोमवार, दुपारी १:०५

बहुतेक वेळा त्या प्रोग्रॅमला ॲडमिन नको असतो. त्याला स्वतःच्या फोल्डरात लिहायचं असतं, कुठे सेटिंगची फाइल, कुठे डेटा. तेवढ्या एका फोल्डरावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि यूजर्स गटाला मॉडिफाय (लिहायचा-बदलायचा हक्क) द्या. मग स्टँडर्ड खात्यातून चालवून बघा. काट्याची जुनी सॉफ्टवेअरं मी याच रीतीने चालवलीत. एखादं खरंच हट्टी निघालं तर तेवढं मशीन वेगळं काढा, त्याच्यासाठी बाकीच्या तेरांना ॲडमिन करू नका.

प्रिंटरचंही आधी सांगून ठेवतो. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटनंतर विंडोज नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड मागतं. स्पूलरमधलं (छपाईची कामं सांभाळणारा विंडोजचा भाग) मोठं छिद्र बुजवण्यासाठी ते केलं. त्यामुळे खाती स्टँडर्डवर आणायच्या आधीच सगळ्या मशीनवर सगळे प्रिंटर बसवून घ्या. नाहीतर महिनाअखेरीला एक प्रिंटर बंद पडेल, दुसरा जोडता येणार नाही, आणि सगळे तुमच्या नावाने खडे फोडतील.

जमाखर्च | सोमवार, रात्री ९:३०

मी त्या दुसऱ्या बाजूची, जिच्या मशीनवरचे मेनू बंद केले जातात. रत्नागिरीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते, एकवीस वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एका शनिवारी कुणीतरी येऊन सगळं बंद करून गेलं. सोमवारी मी आले तर डेस्कटॉपवर राइट क्लिक चालत नाही, कंट्रोल पॅनल नाही, सेटिंग्ज उघडत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं माझ्यावर काही आरोप आहे. दिवसभर कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत कळलं की सगळ्यांचंच तसं झालंय, तेव्हा कुठे घास उतरला.

अपमान मी विसरले, पण रोजची अडचण विसरता येत नव्हती. माझे डोळे अधू झालेत, अक्षर मोठं करून घेतल्याशिवाय खातेउतारे वाचता येत नाहीत. ते डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये असतं, आणि ते बंद. मशीन बदललं तेव्हा अक्षर पुन्हा बारीक झालं, आणि इंजिनिअर तीन दिवसांनी आला. ते तीन दिवस मी फूटपट्टी पडद्याला लावून एकेक ओळ वाचली. दुसरं, सरकारी कार्यालयांना पत्रं मराठीत जातात. नव्या मशीनवर मराठी कीबोर्ड जोडायचा होता, तोही सेटिंग्जमध्येच. मी पत्रं मोबाइलवर लिहून स्वतःला मेल करत होते.

सांगायचं इतकंच, भाऊ, की मालक म्हणाले 'सगळं बंद कर' म्हणून सगळं बंद करू नका. आधी एकेकाच्या शेजारी अर्धा दिवस बसा आणि तो माणूस कुठे कुठे हात घालतो ते बघा. आमच्या त्या इंजिनिअरने एक तास माझ्याशेजारी घालवला असता तर हे काहीच झालं नसतं.

टॅलीचं म्हणाल तर मागच्या तारखेच्या नोंदींची भीती मेनू लपवून जात नाही. टॅलीत तारीख एफ२ ने बदलते, तिथे विंडोजच्या घड्याळाचा संबंध नाही. ते टॅलीच्या आतच अडवायचं. यूजर तयार करा, त्याच्या सिक्युरिटी लेव्हलमध्ये किती दिवस मागची नोंद चालेल ते लिहा. आणि तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग असलेलंच सॉफ्टवेअर लागतं, ज्यात कुणी काय बदललं ते राहतं आणि तो लॉग बंद करता येत नाही. पण सगळे एकाच नावाने टॅलीत शिरत असतील तर त्या लॉगचा उपयोग शून्य.

वाळूसाचा | सोमवार, रात्री १०:१०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडेही अकाउंट्सच्या मॅडम पडदा दीडपट मोठा करून बसतात. मी काल त्यांच्या मशीनवर लावलं असतं तर आज सकाळी तेच झालं असतं. उद्यापासून एकेकाशेजारी बसतो.

हिरवापडदा | मंगळवार, सकाळी ७:२०

ताईंचा मुद्दा आणि पीसीदुरुस्ती यांचा मुद्दा, दोन्हींना जोडून थोडं जुनं सांगतो. मी नोकरीची बरीच वर्षं ए-एस ४०० वर काढली. आयबीएमने १९८८ मध्ये आणलेलं मशीन, त्याचा वारस आजही आयबीएम आय नावाने चालतो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, सगळा कारभार मेनूंचा. १ दाबा, हप्ता नोंदवा. २ दाबा, पावती छापा.

तिथे प्रत्येक यूजरच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असायचं की लॉगिन केल्यावर कुठला मेनू उघडेल, आणि त्याला आज्ञा टाइप करता येतील की नाही. कारकुनाला त्याचा एकच मेनू, बाहेर पडला की थेट साइन ऑफ. आम्हाला वाटायचं, झालं, पक्कं आहे.

पण कीबोर्डवर सिस्टम रिक्वेस्ट नावाची एक कळ होती. ती दाबली की कुठल्याही पडद्यावरून एक वेगळाच मेनू यायचा, सिस्टमचा स्वतःचा. त्यातला २ नंबरचा पर्याय, चालू काम मधेच सोडा. एका मार्चअखेरीला पडदा अडकल्यासारखा वाटला म्हणून एका बाईंनी ती कळ दाबली आणि २ निवडला. अडकलेलं नव्हतं, मागे हप्त्यांची नोंद चालू होती. अर्धी झाली, अर्धी राहिली. कुठल्या विमा पॉलिसीचा हप्ता धरला आणि कुठल्याचा नाही, हे आम्ही तिघांनी रात्रभर कागदी याद्यांवर टिकमार्क करून जुळवलं. सकाळी चहावाला आला तेव्हा शेवटची यादी चालू होती.

त्यानंतर आमच्या सिस्टमवाल्या साहेबांनी जे केलं ते मला आयुष्यभर पुरलं. त्या मेनूतल्या प्रत्येक पर्यायामागे एक आज्ञा असते. २ मागे 'एंड रिक्वेस्ट'ची, १ मागे दुसऱ्या सेशनवर जायची. साहेबांनी कारकुनांकडून त्या आज्ञांचाच अधिकार काढला. मेनू दिसत राहिला, ३ ने आपलं काम कुठवर आलंय ते बघता येत होतं, फक्त २ दाबलं तर 'अधिकार नाही' असं यायचं. अडकल्यासारखं वाटलं तर बघायची सोय राहिली आणि मोडायची गेली.

विंडोजमध्येही हाच फरक धरा. मेनू लपवणं हा दारावरचा पडदा. अधिकार काढणं हे कुलूप. पडद्याचा उपयोग आहे, नको त्या गोष्टीवर चुकून हात पडत नाही. पण कुलपाच्या जागी पडदा लावून निर्धास्त झोपू नये.

दुबईकर | मंगळवार, दुपारी १२:४५

काकांचं उदाहरण फार नेमकं आहे. मी इथे एका कंपनीत साडेचारशे मशीनचं हेच काम करतो. विंडोजमधले पडदे कुठले आणि कुलपं कुठली, तेवढं सांगतो, कारण पॉलिसीच्या नावावरून ते कळत नाही.

ड्राइव्ह लपवायची पॉलिसी हा शुद्ध पडदा. आयकॉन जातो, पण दुसऱ्या प्रोग्रॅमच्या सेव्हच्या खिडकीत सी आणि कोलन टाइप केलं की आत. तिच्याजवळच 'ड्राइव्हचा ॲक्सेस रोखा' अशी वेगळी पॉलिसी आहे, ती जरा बरी. पण खरं कुलूप फोल्डरच्या परवानग्यांचं.

'फक्त ठरवलेले प्रोग्रॅम' ही तुम्हाला नडलेली पॉलिसीही पडदाच. एक्स्प्लोररमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमनाच ती अडवते, एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला तर ती बघतही नाही. फाइलचं नाव बदललं तरी फसते. त्याऐवजी ॲपलॉकर वापरा, कुठले प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजचीच सोय. पूर्वी ते एंटरप्राइझ आवृत्तीतच चालायचं, आता विंडोज ११ च्या सगळ्या आवृत्त्यांवर लागू होतं. आधी ऑडिटवर (अडवत नाही, फक्त नोंद करतं) ठेवा, दोन आठवडे नोंदी वाचा, मग अडवायला लावा. थेट अडवायला लावाल तर परवाची रात्र परत येईल.

हे लागतं कशाला, तर स्टँडर्ड यूजरलाही काही प्रोग्रॅम टाकता येतात. कितीतरी ब्राउझर आणि चॅटचे प्रोग्रॅम यूजरच्या स्वतःच्या फोल्डरात बसतात, ॲडमिनला विचारतच नाहीत.

रन काढताना एक लक्षात घ्या. रनबरोबर टास्क मॅनेजरमधलं नवं काम सुरू करायचं बटणही जातं, आणि ॲड्रेस बारमध्ये टाइप करून शेअर्ड फोल्डरवर जाणंही थांबतं. तुमच्याकडे लोक शेअर्ड फोल्डरचा पत्ता टाइप करून जात असतील तर आधी त्यांना तो ड्राइव्ह मॅप करून द्या. कमांड प्रॉम्प्टच्या पॉलिसीत 'स्क्रिप्टही बंद करू का' असा उपप्रश्न असतो. तिथे हो म्हणालात तर बॅच फाइल (आज्ञांची यादी आपोआप चालवणारी फाइल) चालणार नाहीत, आणि रात्रीचा टॅलीचा बॅकअप त्या लॉगिनमधल्या बॅच फाइलवर असेल तर तो न बोलता बंद पडेल.

टास्क मॅनेजर मी कधीच बंद करत नाही. एक्सेल अडकलं तर माणूस काय करणार? पॉवरचं बटण दाबून धरणार. ते जास्त वाईट. स्क्रीन लॉक करणं आणि पासवर्ड बदलणं या दोन गोष्टी तर चुकूनही काढू नका. पासवर्ड कुणीतरी बघितला तर माणसाला तो त्याच क्षणी बदलता आला पाहिजे.

आणि ताईंच्या डोळ्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे. सेटिंग्ज सबंध बंद करायची गरज नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉलिसींतच 'सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी' आहे, विंडोज १० च्या १७०३ पासून. तिच्यात 'शो ओन्ली' असं जोडून लिहायचं, कोलन द्यायचा आणि जी पानं हवीत त्यांची नावं इंग्रजीत अर्धविराम देऊन: डिस्प्ले, प्रिंटर, साउंड, भाषा, कीबोर्ड, सुलभता. तेवढीच पानं दिसतील. पण 'कंट्रोल पॅनल आणि सेटिंग्ज बंद' ही जुनी पॉलिसी सोबत लावू नका, ती सेटिंग्जचा प्रोग्रॅमच सुरू होऊ देत नाही.

मशीन तीस-चाळीसच्या पुढे गेली तर डोमेन किंवा इंट्यून (मशीन सांभाळायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन सेवा) घ्या. चौदासाठी हाताने चालेल.

न्हावाशेवा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

इतका वेळ वाचत होतो. एकच जोडतो, कारण 'ॲडमिन असलं तर काय बिघडतं' असं विचारणारे मालक मलाही भेटतात.

मी कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. कंटेनरच्या गाड्यांची रांग रस्त्यावर. तो पसरला दोन वाटांनी. एक विंडोजमधलं छिद्र, ज्याचा पॅच (छिद्र बुजवणारं अपडेट) मार्चमध्येच आला होता. दुसरी वाट जास्त वाईट. लागण झालेल्या मशीनच्या मेमरीतून तो पासवर्ड काढायचा आणि ॲडमिनचा सापडला तर तोच वापरून पॅच केलेल्या मशीनवरही उडी मारायचा. ज्या ऑफिसात सगळीकडे एकच ॲडमिन आणि एकच पासवर्ड, तिथे त्याला काही फोडावंच लागत नाही.

म्हणून चौदा मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड चौदा ठिकाणी वेगळा ठेवा. डोमेन असेल तर लॅप्स नावाची सोय आहे, एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच येते, पासवर्ड आपोआप बदलत राहते. तुमच्याकडे नाही, तर वहीत लिहा आणि वही मालकांच्या कपाटात.

वाळूसाचा | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:००

झालं ते सांगायला आलो.

चार दिवस एकेकाच्या शेजारी बसलो. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर बसलो नसतो. पर्चेसचे काका ड्रॉइंग उघडताना रोज पडदा आडवा-उभा फिरवतात, मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटरच्या रिपोर्टसाठी डिफॉल्ट प्रिंटर दिवसातून चारदा बदलतात. हे सगळं मी त्या रविवारी बंद करणार होतो.

मालकांशी बोललो. काकांचा सिस्टम रिक्वेस्टचा किस्सा जसाच्या तसा वाचून दाखवला. ते 'सगळं बंद कर' वरून 'जे मोडतं ते बंद कर' वर आले.

बारा मशीनवर प्रत्येकाचं वेगळं स्टँडर्ड खातं केलं. काट्याच्या सॉफ्टवेअरला फक्त त्याच्या फोल्डरावर मॉडिफाय दिलं, चालतंय. जुनी टॅलीही तशीच चालली. डिजिटल सहीचं छोटं सॉफ्टवेअर मात्र ॲडमिन मागतं, ते एकाच मशीनवर ठेवलं आणि महिन्यातून दोनदा मी जाऊन पासवर्ड टाकतो. नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या पॉलिसीत रजिस्ट्री बंद, कमांड प्रॉम्प्ट बंद पण स्क्रिप्ट चालू, सेटिंग्जची आठ पानं उघडी. रन काढलं नाही, शेअर्ड फोल्डर सगळे तिथूनच उघडतात. ॲपलॉकर ऑडिटवर ठेवलाय, नोंदींत लॅबमधल्या एका मशीनवर तीन वेगवेगळे ब्राउझर निघाले.

शनिवारी जेवणानंतर सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून सांगितलं की काय बदलतंय आणि का. डिस्पॅचचं ते पोरगं मागे मान खाली घालून बसलं होतं. त्याला म्हटलं, तुझ्यामुळे नाही, गेली अकरा वर्षं मी हे लॉगिन उघडं ठेवलं म्हणून. आणि लेबलच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मालकांनी त्याच आठवड्यात विकत घेतलं, ते आधीच घ्यायला हवं होतं. आता लेबलं तोच बघतो.

जमाखर्च | शनिवार, रात्री १०:४०

सगळ्यांना बसवून सांगितलंत, हे वाचून फार बरं वाटलं भाऊ. आमच्याकडेही हा धागा छापून साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे.

नवादुकानदार | रविवार, सकाळी ११:१५

वाचनखूण साठवली. माझं लहान दुकान आहे, दोनच मशीन, दोन्ही होम. पॉलिसी एडिटर उघडतच नाही. मी काय करू? प्रो घ्यावं का?

पीसीदुरुस्ती | रविवार, दुपारी १:३०

होममध्ये तो एडिटर येतच नाही. दोन मशीनसाठी लगेच प्रोचा खर्च करू नका. स्टँडर्ड खातं होममध्येही होतं, आज तेवढं करा: स्वतःसाठी वेगळं ॲडमिन, काउंटरवरच्या मुलासाठी स्टँडर्ड. बॅकअपची हार्ड डिस्क मशीनला कायम जोडून ठेवू नका, आठवड्यातून दोनदा जोडा, घ्या, काढून घरी न्या. आणि खातं बदलायच्या आधी प्रिंटर बसवून घ्या.

वाळूसाचा | रविवार, दुपारी २:०५

नवादुकानदार, आमचे दोन होमवाले लॅपटॉप मी तसेच केलेत, फक्त स्टँडर्ड खातं. परवा एकावर माउस बदलला, तो लावल्याबरोबर चालला, पासवर्ड मागितला नाही. काल बिलाचा बारकोड स्कॅनर लावला, त्याच्या सॉफ्टवेअरने मागितला. तुमच्याकडे स्कॅनर असेल तर तोही आधीच बसवून घ्या.